टायर ठोकायची बॅट

ट्रक ड्रायव्हरच्या सीटमागे एक दांडका असतो, टायरवर ठोकायला. अठरा चाकं वाकून वाकून कोण तपासत बसणार? ठोकलं की आवाजावरून कळतं. हवा भरलेला टायर दांडका उडवून लावतो, हवा गेलेला नुसता 'बद्' करतो. दुकानात असे दांडके ढिगानं मिळतात, पण आमच्याकडे होती ती मुलाची लहानपणची बेसबॉलची बॅट. लाकडी, आखूड, मुठीला काळी टेप गुंडाळलेली. मुलगा मोठा झाला, शिकला, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला कॉम्प्युटरच्या नोकरीत रमला, आणि त्याची बॅट गॅरेजमधून ट्रकमध्ये आली.

मी मूळची पुण्याची. पुण्याची बाई अमेरिकेत ट्रक चालवते म्हटलं की लोकांच्या भुवया कुठवर चढतात ते मी पुष्कळ पाहिलंय. मिशिगनला आमच्या मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी मोदक वाढता वाढता विचारलं होतं, "म्हणजे, स्वतः? गिअरबिअर सगळं?" म्हटलं, नाही हो, गिअर टाकायला गडी ठेवलाय. माझं हे असंच आहे. कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, हा माहेरचा वारसा. आमचे हे नागपूरचे, अगदी उलटे. शांत माणूस. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होते, मिशिगनातच नोव्हायला घर होतं. पन्नाशीला नोकरी गेली, दुसरी मिळेना, तेव्हा एका पंजाबी मित्राच्या नादानं यांनी ट्रकचं लायसन्स काढलं. मी काही महिने घरात एकटी बसले आणि म्हटलं, आता भिंतींशी बोलू का? मग मीही काढलं. एकानं चालवायचं, एकानं मागच्या बंकवर झोपायचं, अशी आम्ही जोडीनं गाडी हाकली. सगळ्या संसारात बोललो नसू इतकं त्या केबिनमध्ये बोललो.

मग यांचं विसरणं सुरू झालं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं आणि लायसन्स गेलं. घरी ठेवून पाहिलं तर दिवसभर दाराशी उभे, चपला घालून. ट्रकमध्ये मात्र शांत. शेजारच्या सीटवर बसायचे, सरकणारा रस्ता बघायचे, पोळीचा लाडू हातात दिला की खायचे. म्हणून मी एकटी चालवायची आणि यांना बरोबर न्यायची. मुलाला ते पटत नव्हतं. "आई, धिस इज नॉट सेफ," हे तर त्याचं पालुपदच झालं होतं. भांडून भांडून शेवटी त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं, की बाबा एकदा जरी हरवले तर ट्रक विकायचा, फ्रीमाँटला यायचं आणि बाबांना तिथल्या एका होममध्ये ठेवायचं. होम म्हणे! काय शब्द शोधलाय मेल्यांनी. मी हो म्हणून टाकलं. शेजारच्या सीटवरून माणूस हरवेल कसा?

त्या दिवशी सकाळी आम्ही नेब्रास्काच्या पश्चिम भागात होतो. ट्रेलरमध्ये कागदाचे गठ्ठे, घाई कसली नव्हती. इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला आणि कूलंटचा तो गोडसर वास केबिनमध्ये आला. वॉटर पंप गेला. पुढच्या एक्झिटला गाडी कशीबशी रखडत उतरवली. गावाची पाटी होती, पण गाव नव्हतं. म्हणजे घरं होती, रस्ते होते, एक बँकेची इमारत होती, तिच्या पुढच्या खिडकीतून मागच्या खिडकीबाहेरचं आकाश दिसत होतं. माणूस मात्र नाही. कुत्रंसुद्धा नाही. एका अंगणातला झोपाळा वाऱ्यानं एकसारखा हलत होता, आत्ताच कुणी पोर उतरून घरात पळाल्यासारखा. मी तिकडे बघायचं टाळलं.

गावाच्या टोकाला एक गॅरेज चालू होतं. मेकॅनिक म्हातारा, एकटाच. पंप दुसऱ्या गावाहून मागवायला लागेल, संध्याकाळ होईल म्हणाला. मी विचारलं, इथे राहतं कोण? "मी," असं म्हणून तो हात पुसत आत गेला. बाकीचे कुठे गेले, हे विचारायचा धीर मला झाला नाही, आणि मला धीर होत नाही असं फारसं घडत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. त्या सकाळपासून हे मला 'वहिनी' म्हणत होते.

आमच्या पिढीत नवराबायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. मी म्हणायचं 'अहो', त्यांनी म्हणायचं 'अगं', झालं. जन्मभर मी त्या 'अगं'ला ओ दिली. अगं चहा टाक, अगं चष्मा कुठाय, अगं डावीकडचा आरसा बघ. आणि त्या दिवशी डोळे उघडल्या उघडल्या हे अदबीनं म्हणाले, "वहिनी, पाणी मिळेल का?" मला वाटलं थट्टा आहे. मग म्हणाले, "माफ करा हं, तुम्हाला त्रास." पाणी दिलं आणि गाडी सुरू केली, दुसरं काय करणार?

विसरणं मागे मागे सरकत जातं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, माझं मलाच कळलं. आधी ट्रक पुसला गेला. मग मिशिगन. मुलगा कधी आहे, कधी नाही. आता हे नागपूरला पोचले होते, कॉलेजातल्या, क्लबाकडून क्रिकेट खेळायच्या दिवसांत, लग्नाच्या आधी. त्या नागपुरात मी नव्हतेच. मग कुणा मित्राची बायको असेन, असा त्यांनी हिशेब लावला असणार. माणूस सज्जन, परक्या बाईशी अदबीनंच वागणार. राग कुणावर काढू?

गॅरेजच्या बाजूला एक खोली होती, वाट बघणाऱ्यांसाठी. दोन खुर्च्या, कॉफीचं यंत्र, उन्हानं रंग उडालेला पडदा. तिथे यांना बसवलं. खांबावर त्या म्हाताऱ्यानं एक भोंगा बांधला होता, आपल्याकडे लग्नात लावतात तसला. गाडीखाली झोपून काम करताना वाऱ्यात रेडिओ ऐकू येत नाही, म्हणून. दुपारी त्यावर बेसबॉलची मॅच सुरू झाली. हे ताठ बसले.

"वहिनी, टॉस झाला वाटतं," म्हणाले.

"झाला," मी म्हटलं.

"मग मला बोलावलं कसं नाही? एक गडी कमी आहे आपला."

बेसबॉल आमच्या घरात आला तो मुलामुळे. तो तिसरीत होता, शाळेतल्या पोरांबरोबर त्याला खेळायचं होतं. यांनी त्याला अंगणात बॅट धरायला शिकवलं. आता क्रिकेटवाला माणूस काय शिकवणार? कोपर वर, नजर बॉलवर, आणि पळताना बॅट सोडायची नाही. पहिल्याच मॅचला आमच्या चिरंजीवांनी फटका मारला, तोही सणसणीत. बॅट टाकून पहिल्या बेसकडे, म्हणजे कोपऱ्यातल्या गादीकडे, आणि तिथून पुढे पळायचं असतं. हा बॅट हातात घट्ट धरून पळाला, वाकून बेसला बॅट टेकवली, आणि दुसरी रन काढायला गर्रकन वळून परत जिथून निघाला तिकडेच! समोरच्या पोरांनी आरामात बॉल आणला आणि त्याला शिवला. अंपायरनं मूठ वर केली. तिथे आऊट देताना बोट नाही, मूठ दाखवतात. सगळं मैदान हसलं. मी बाकावरून उतरून थेट अंपायरकडे. लहान मूल आहे, पहिली मॅच आहे, एकदा सांगून सोडता येत नाही? इंग्रजी संपलं तेव्हा मराठीत बोलले. यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं, रडणाऱ्या मुलाजवळ बसले आणि म्हणाले, "हे बघ पोट्ट्या, अंपायरनं दिलं की निघायचं. बॅट काखेत घ्यायची, मागं वळून पाहायचं नाही. बरोबर दिलं की चूक, ते आपलं काम नाही."

त्यांचं खरंच तसं होतं. मिशिगनच्या देशी क्रिकेट लीगमध्ये एकदा बॉल पॅडला लागून मागे झेल गेला होता, बॅटला शिवलाही नव्हता, सगळ्यांनी पाहिलं. बोट वर गेलं आणि हे चालू लागले. घरी मीच आठवडाभर त्या अंपायरला शिव्या घालत होते. आणि बेसबॉलला आधी नावं ठेवणारा हाच माणूस. "हा काय खेळ आहे? ड्रॉच नाही!" मग कधी नादी लागले कळलं नाही. ट्रकमध्ये एका शहराचं स्टेशन खरखरत विझायचं, पुढच्या शहराचं हळूहळू यायचं, आणि हे इंडियानापासून वायोमिंगपर्यंत मॅच ऐकत यायचे. मला नियम समजवायचे. मी स्टिअरिंगवर जांभया द्यायची. आता त्यातलं काही उरलं नव्हतं. भोंग्यातून टाळ्या आल्या की यांना फक्त नागपूरचं मैदान ऐकू येत होतं.

माझा डोळा लागला. पहाटेपासून चालवत होते, आणि खोलीत ऊब होती.

जाग आली ती टाळ्यांनी. भोंग्यातून हजारो लोक टाळ्या वाजवत होते आणि खिडकीबाहेर रिकामा रस्ता होता. शेजारची खुर्ची रिकामी. कॉफीचा कप तसाच, भरलेला. आधी वाटलं बाथरूममध्ये असतील, तिथे नव्हते. ट्रकमध्ये असतील म्हणून केबिनवर चढले. केबिन रिकामी. सीटमागे हात घातला, का घातला देव जाणे, आणि बॅट तिथे नव्हती.

मी ओरडले. "अहो!" नावानं कधी हाक मारली नाही, आता सवय कुठली? रिकाम्या गावात 'अहो' म्हणून ओरडत धावणारी बाई, दुसरं कुणी बघायला असतं तर हसलं असतं. मेकॅनिकनं गाडीखालून डोकं काढलं. त्याला काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, बेसबॉलचं मैदान आहे का इथे? तो म्हणाला, शाळेमागे आहे, शाळा बंद आहे. "खेळतं कोण?" "कोणी नाही," तो म्हणाला, "पण रेघा मी मारतो. दर आठवड्याला. वारा पुसून टाकतो ना." मी पळत सुटले.

शाळेच्या अलीकडे एक घर होतं. छप्पर एका बाजूनं खचलेलं, दार सताड उघडं. त्या दाराबाहेर यांचे बूट होते. जोडीनं, नीट, टाचा दाराकडे, मोजे आत घडी करून. कुणाकडे गेल्यावर काढतो तसे.

मी उंबऱ्याशी थांबले. आत जायला पाय उचलेना. आत कुणी असेल याची भीती नव्हती मला, हे आत कुणाशी तरी बोलत बसलेले असतील याची होती. "अहो?" म्हटलं. दिवाणखान्यात एक सोफा होता, स्प्रिंगा वर आलेल्या, आणि जमिनीवर बोटभर धूळ. धुळीत अनवाणी पावलं. सोफ्यापर्यंत गेलेली, तिथे थोडी थांबलेली, मग स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर. बसले होते तर. सोफ्यावरची धूळ एका माणसापुरती पुसली होती. कुणी पाणी विचारलं असेल का त्यांना? असा विचार माझ्या मनात आला, खरंच आला, आणि मी मागच्या दारानं अक्षरशः उडी मारली.

समोर मैदान. गवत वाळून पिवळं पडलेलं, बाकं मोडलेली, आणि त्यात त्या रेघा. पांढऱ्याशुभ्र, सरळ, सकाळी दारात कुणी रांगोळीची रेघ सोडावी तशा. आणि मध्ये हे, ऊन डोक्यावर घेऊन, मुलाची बॅट हातात धरून उभे.

बेसबॉलच्या बेसकडे यांचं लक्षच नव्हतं. बॅट्समन उभा राहतो तिथपासून बॉल टाकणाऱ्याच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर साधारण आपल्या पिचइतकंच असतं. त्यांनी बॅटीनं मातीत गार्ड खरवडला होता. वाकले, वाट पाहिली, हवेत फटका मारला, "यस!" म्हणून ओरडले आणि उंचवट्यापर्यंत धावले. बॅट टेकवली, वळले, परत. समोरच्या कुणाला तरी हात करून म्हणाले, "धाव रे, दोन आहेत!" भोंग्यातून वाऱ्यावर टाळ्या आल्या. यांनी बॅट उंचावली.

चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मातीत प्रत्येक पावलागणिक रक्ताचा ठिपका. सराट्याचे काटे. ते इथेही असतात. हृदयाची गोळी चालू असलेला माणूस अशा उन्हात किती वेळ पळणार? मी जाऊन हात धरला. "अहो, चला. पुरे झालं."

त्यांनी हात सोडवून घेतला. "वहिनी, बाजूला व्हा. मॅच चालू आहे."

"संपली मॅच. पाय बघा तुमचे."

"बाजूला व्हा!" आणि बॅट वर गेली. माझ्यावर. आयुष्यात या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. डोळ्यांत ओळख नव्हती, नुसती चीड होती, मैदानात शिरलेल्या कुणा परक्या बाईची. मी मागे सरले. मेकॅनिकला बोलवावं, दोघांनी मिळून धरून न्यावं? तेवढ्यात ते पुन्हा धावले, अडखळले, गुडघ्यावर पडले, उठले. तोंडानं श्वास घेत होते. आणि मला दिसलं की हा माणूस आपणहून थांबणार नाही. नाबाद आहे तोवर खेळणार.

मी उंचवट्याच्या मागे जाऊन उभी राहिले. जिथे अंपायर उभा राहतो तिथे. ओढणी सारखी केली, दोन्ही हात मागे बांधले. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गार्ड घेतला.

बॉल नव्हताच. पण त्यांनी वाट पाहिली, तशी मीही पाहिली. त्यांची बॅट फिरली. वारा क्षणभर पडला होता, भोंगाही गप्प होता. मी हात वर केला. मूठ नाही, बोट.

ते बोटाकडे बघत राहिले. मग माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, ओळखलं. मला वाटलं, आता विचारतील, कसा काय आऊट? मी बोट खाली घेतलं नाही. त्यांनी मान खाली घातली, बॅट काखेत घेतली आणि चालायला लागले. शाळेकडे, पार उलट्या दिशेला. मी धावत जाऊन म्हटलं, "पॅव्हेलियन इकडे आहे." "थँक यू," म्हणाले.

बूट घ्यायला त्या घराशी थांबलो. त्यांनी रिकाम्या दाराला हात जोडले, "बरं, येतो," म्हणाले, आणि ऐकून घेतल्यासारखी मान हलवली. मी तिकडे पाहिलं नाही.

खोलीत आणून पाणी पाजलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मेकॅनिकनं पंखा आणून लावला आणि तो गेला. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, यांचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक सराटा काढायला लागले. अंगातली काहिली निवत होती, श्वास खाली बसत होता. मनात म्हणत होते, मुलाला कोण सांगणार आहे? मी, हे आणि एक म्हातारा, जो एकटाच राहतो. कुणी हरवलं नाही. कुणी काही पाहिलं नाही. उद्या सकाळी आयोवात असू.

एक काटा खोल गेला होता. पिन जरा जोरात लागली.

"अगं, हळू!"

माझा हात थांबला. मान वर करायची भीती वाटली मला, पुन्हा 'वहिनी' झाले तर? पण ते माझ्याकडेच बघत होते, आमचे हे, दमलेले.

"अगं," ते म्हणाले, "मी आऊट नव्हतो."

या माणसानं कधी अंपायरविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. जन्मभर कुणाकडे केली नाही ती तक्रार त्यांनी माझ्याकडे केली, बायकोकडे. हात वर करून मलाच कोणी असं आऊट दिलं असतं तर मी मैदान डोक्यावर घेतलं असतं. आणि इथे तो अंपायर मीच.

"हो ना," मी म्हटलं. "मेला आंधळा असेल."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "असू दे गं," म्हणाले. "दिलं की निघायचं." आणि पाय माझ्या मांडीवर तसाच ठेवून डोळे मिटले.

राहिलेले सराटे काढले. बॅटीची माती ओढणीनं पुसली. मग पिन परत बांगडीत अडकवली, फोन घेतला आणि मुलाला म्हटलं, "बाबा आज हरवले होते."